गावच्या मंडळीतील अर्धवेळ सेवकांचे प्रशिक्षण : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते जून २०२५

रविवार, ९ जून २०२४

नोंदवही आजपासून सुरू करीत आहे. नगर जिल्ह्याच्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतील नऊ गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या आमच्या पॅस्टोरेटमध्ये, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेल्या गटात, येतात आणि या नऊ गावांना दीक्षा झालेला पाळक (धर्मगुरू) मी एकटाच आहे. रविवारी सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन उपासना घेतल्या, तरी एका गावाची पाळी फिरून यायला पाच आठवडे लागतात, आणि त्यात पाऊस, लग्नसराई किंवा डायोसिसची (बिशपांच्या प्रांताची) एखादी बैठक आडवी आली की सातवा-आठवा आठवडा उजाडतो. प्रभुभोजन, म्हणजे पाळकानेच चालवायचा भाकर-द्राक्षारसाचा विधी, गावाला तेवढ्याच अंतराने मिळते. मात्र मधल्या रविवारी देवळाला कुलूप नसते. कुठे जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक शास्त्रपाठ (बायबलमधील उतारा) वाचतात, कुठे आशा सेविका ताई प्रार्थना चालवतात, आणि एका गावात तर एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर गेली सहा वर्षे दर रविवारी उपासना घेत आले आहेत. त्यांना ते कोणी शिकवलेले नाही आणि त्याबद्दल कधी कोणी विचारपूसही केलेली नाही. त्यामुळे नवी माणसे शोधणे हा या प्रकल्पाचा हेतू नाही. जी माणसे हे काम आधीपासून करीत आहेत त्यांना ते नीट करता यावे, एवढीच सोय आपल्याला उभी करायची आहे.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही, हे मंडळ्यांच्या पंचांना आज सविस्तर सांगितले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि पुढे, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, या भागातील खेडोपाडी मंडळ्या वाढल्या. त्या सांभाळल्या त्या मुख्यतः मिशनच्या शाळेतील मास्तरांनी. आठवडाभर पाटीवर बाराखडी गिरवून घेणारा मास्तरच रविवारी शास्त्र वाचून दाखवीत असे, आणि त्याची पत्नी बायकांना गीते शिकवीत असे. मिशनच्या शाळा बंद झाल्या किंवा जिल्हा परिषदेकडे गेल्या, तेव्हा मास्तर गेले आणि त्यांच्याबरोबर गावातला अर्धवेळ सेवकही गेला. त्याची जागा पगारी पाळकाने भरून निघेल असे आपण धरून चाललो. ती कधी भरली नाही, कारण तीस-चाळीस घरांच्या मंडळीची वर्गणी एका कुटुंबाचा चरितार्थ चालवू शकत नाही.

रविवार, २३ जून २०२४

निवड आज पूर्ण झाली. अर्ज मागवायचे नाहीत, असे आधीच ठरवले होते. शास्त्रातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सात जणांना निवडण्याचे काम मंडळीकडे सोपवले आहे, त्याच रीतीने प्रत्येक गावाने आपली माणसे सुचवावीत, असे कळवले होते. नऊ गावांतून चौदा नावे आली आणि त्यांत सहा बाया आहेत. धंदा विचारला तर शिक्षक, आशा सेविका, अंगणवाडी मदतनीस, दूध डेअरीवरचा संकलक, गवंडी, शिंपी, निवृत्त कंडक्टर, दोन-चार एकरांचे शेतकरी आणि दरवर्षी ऊसतोडीला जाणारे एक जोडपे, अशी ही यादी आहे. शिक्षणाची अट ठेवलेली नाही. वाचता येणे पुरेसे धरले आहे, आणि ज्याला ते जड जाते त्याने ऐकून शिकावे, असे ठरले.

एका गावातील वयोवृद्ध पंचांनी स्पष्टच विचारले की, "साहेब, उद्या आमची माती गवंड्याच्या हातून द्यायची का?" त्यांचा राग मला समजतो. त्यांच्या वडिलांच्या काळी गावात पाळकाचा बंगला होता. गावातला पाळक गेला, तेव्हा गावाचा मानही गेला, असे त्यांना वाटते. त्यांना मी घाईघाईने उत्तर दिले नाही.

रविवार, १४ जुलै २०२४

पहिली बैठक. दर महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, दुपारी अडीच ते पाच, अशी वेळ ठरवली आहे. सकाळी प्रत्येकाला आपल्या गावची उपासना असते आणि सहानंतर दूध घालायला जावे लागते, म्हणून या अडीच तासांपलीकडे एकही घटका मागणे योग्य नाही.

पद्धत कुठून घेतली तेही आज सांगितले. ग्वातेमालातील प्रेस्बिटेरियन चर्चच्या धर्मशास्त्र विद्यालयाला १९६३ च्या सुमारास असा अनुभव आला की, खेड्यातून शहरात शिकायला आलेली तरुण मुले परत खेड्यात जात नाहीत, आणि खेड्यातली जी प्रौढ माणसे प्रत्यक्षात मंडळ्या चालवतात त्यांना शेती आणि घरदार सोडून शहरात येता येत नाही. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर यांनी तेव्हा विद्यालयच विद्यार्थ्यांकडे नेले : घरी अभ्यास, ठरलेल्या दिवशी शिक्षकाबरोबर बैठक आणि मंडळीत प्रत्यक्ष काम. भारतात याच धर्तीवर काम करणारी संस्था १९७१ मध्ये बंगळुरूला सुरू झाली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी या पद्धतीला आडव्या दांड्यांच्या कुंपणाची उपमा दिली होती. एक दांडी अभ्यासाची, दुसरी अनुभवाची, आणि दोन्हींना धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे या बैठका. ही उपमा सांगताच डेअरीवरचे भाऊ म्हणाले की, खांब लांब लांब रोवले तर दांडी मधेच वाकते आणि शेळ्या आत शिरतात. म्हणून महिन्यातून दोन बैठका ठेवल्यात ते बरे झाले. त्यांना उपमा माझ्यापेक्षा अधिक कळली होती.

रविवार, २८ जुलै २०२४

आजचा विषय होता मोठ्याने वाचणे. हा विषय फार साधा आहे असे मला वाटत होते, पण अडीच तास त्यालाच लागले. आपले मराठी शास्त्र जुन्या वळणाच्या भाषेत आहे, वाक्ये लांब आहेत, आणि वाचणारा श्वास कुठे घेतो यावर ऐकणाऱ्याला अर्थ लागतो की नाही हे ठरते. लूकच्या पंधराव्या अध्यायातील 'जकातदार' हा शब्द तरुणांना कळेना, कारण जकात नाके त्यांनी पाहिलेलेच नाहीत. वाचून झाल्यावर एका वाक्यात अर्थ सांगावा, वाचताना मूळ शब्द बदलू नये, असे ठरले. खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत शास्त्र उतरवण्यासाठी पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्या कामाचे मोल अशा वेळी ध्यानात येते.

त्यानंतर मार्कच्या चौथ्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला घेतला, ज्यात बी वाटेवर, खडकाळीवर, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडते. मी चार प्रकारच्या जमिनींचे चार प्रकारचे ऐकणारे, असे नेहमीचे विवरण करू लागलो. तेव्हा दोन एकर कोरडवाहू करणारे एक शेतकरी भाऊ संकोचून म्हणाले, "साहेब, हा माणूस पाभरीनं पेरत नाही, फोकून पेरतोय. पाभर वाटेवर चालवता येत नाही. मेथी-कोथिंबीर फोकतो तेव्हा थोडं बांधावर, थोडं वाटेवर पडतंच. त्याला माहीत असून तो फोकतोय." मग त्यांनी उठून, टोपीत बी आहे असे धरून, मूठ कशी उघडायची आणि मनगट कसे फिरवायचे ते करून दाखवले. बियाण्याची भीड न ठेवता देणारा देव, हा विचार माझ्या पंचवीस वर्षांच्या प्रवचनांत या रीतीने कधीच आला नव्हता. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या गावात हाच दाखला घ्यावा, असे ठरले, आणि त्यांना मी एकही टिपण दिले नाही.

रविवार, ८ सप्टेंबर २०२४

चौदांपैकी आज आठच जण आले. गणपतीचे दिवस, बाजरी काढणी तोंडावर आलेली, ही कारणे आहेतच, पण खरे कारण माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात मी माझ्या विद्यालयातील जुन्या वह्यांवरून सोळा पानांचे टिपण काढून सर्वांना झेरॉक्स दिले होते. त्यात पंचग्रंथाच्या (शास्त्रातील पहिल्या पाच पुस्तकांच्या) रचनेविषयी जे होते ते मला परीक्षेसाठी लागले होते. यांना त्याचा आज काही उपयोग नव्हता. शिंपीकाम करणाऱ्या भगिनींनी मला एकटे गाठून सांगितले की, ते पाठ झाले नाही म्हणून चौघे जण तोंड लपवून घरी बसले आहेत. मी चौघांच्याही घरी गेलो आणि चूक माझी आहे, असे सांगितले. तिघे परत येतो म्हणाले. चौथ्यांनी नाही म्हटले आणि त्यांचे मन मला वळवता आले नाही.

यापुढे प्रत्येक पाठ चार पानांपेक्षा मोठा असणार नाही, आणि त्याची सुरुवात गेल्या पंधरवड्यात गावात घडलेल्या एखाद्या गोष्टीने होईल.

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

आज कायदा आणि दप्तर. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे, आणि लग्न कोणी लावावे हे त्यात ठरवून दिलेले आहे. दीक्षित पाळक, परवानाधारक धर्मसेवक, विवाह निबंधक किंवा भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचे दाखले देण्याचा परवाना मिळालेली व्यक्ती यांच्यावाचून कोणी लग्न लावले तर तो गुन्हा आहे. म्हणून आपल्या सेवकांनी कितीही आग्रह झाला, पाळक वाटेत अडकला, मांडवात वऱ्हाड खोळंबले, तरी लग्न लावायचे नाही. वधूचे वय १८ आणि वराचे २१ पूर्ण आहे का, दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात आहे का, एवढी चौकशी मात्र त्यांनी आधी करून ठेवावी, कारण गावात राहत असल्यामुळे ती माहिती त्यांना असते आणि मला नसते.

बाप्तिस्म्याविषयीही विचारणा झाली. आशा सेविका ताई बाळंतपणाच्या वेळी हजर असतात आणि मूल जगेल की नाही अशी घटका त्यांनी पाहिली आहे. अशा तातडीच्या प्रसंगी, आईबापांची इच्छा असेल तर, बाप्तिस्मा झालेल्या कोणाही विश्वासणाऱ्याने पाणी घेऊन पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा, ही जुनी रीत आहे. मात्र त्यानंतर लगेच पाळकाला कळवून रजिस्टरात नोंद झाली पाहिजे. आधी दवाखान्याची गाडी बोलवावी, हे ताईंनी स्वतःच पुढे जोडले.

रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

दिवाळी झाली की टोळ्या निघतील. आमच्या चौदांपैकी एक जोडपे आणि नऊ गावांतील मिळून बरीच घरे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा हिशोबाने मुकादम उचल देतो, आणि उचल फिटेपर्यंत परत येणे नसते. हे जोडपे यंदा कागल तालुक्यात जाणार आहे. पाच-सहा महिने यांचे शिक्षण थांबवायचे की त्यांच्याबरोबर पाठवायचे, असा प्रश्न होता. ते थांबवले तर ज्यांना सर्वांत कमी मिळते त्यांनाच पुन्हा वगळल्यासारखे होईल, असे माझे ठाम मत आहे.

पहाटे चारला फडात जाणारा माणूस रात्री चार पाने वाचू शकणार नाही, म्हणून पाठ आवाजात भरून व्हॉट्सअॅपवर पाठवायचे ठरवले. प्रत्येक पाठ दहा मिनिटांचा असेल. नवरा चौथीपर्यंत आणि बायको सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिने विचारले, "टोळीत आमचीच चार घरं ख्रिस्ती, बाकीची नाहीत. प्रार्थना मोठ्यानं म्हटली तर चालेल का?" मी सांगितले की आपल्या कोपीसमोर आपली उपासना करावी, कोणी ऐकायला बसले तर बसू द्यावे, कोणाला बोलावू नये आणि कोणाकडून काही कबूल करून घेऊ नये. टोळीत सगळ्यांना एकमेकांवर विसंबून राहावे लागते, आणि तिथे मनात किंतु निर्माण होईल असे काही करणे हे सेवेला शोभणारे नाही.

रविवार, १ डिसेंबर २०२४

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. कपाशीची वेचणी चालू असल्याने बैठक झाली नाही. नऊपैकी सात गावांत सेवकांनी उपासना घेतल्या.

सोमवार, १३ जानेवारी २०२५

काल कागल तालुक्यातील टोळीच्या तळावर जाऊन आलो. ऊस कारखान्याला अखंड लागतो, त्यामुळे तिथे रविवार असा नसतोच. रात्री साडेआठला शेवटची गाडी भरून झाल्यावर चार घरांतली माणसे एका कोपीसमोर बसली. पाचटाने शाकारलेली कोपी, तीन दगडांची चूल, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि मोबाईलच्या उजेडात वाचन. वाचले ते बायकोने. रूथचा दुसरा अध्याय होता, ज्यात परक्या मुलखात आलेली विधवा कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते आणि शेतमालक गड्यांना बजावतो की तिला त्रास देऊ नका. वाचून झाल्यावर ती एवढेच म्हणाली की, फडात बाईमाणसाला असा मालक मिळणे ही देवाचीच करणी असते. बाया बराच वेळ काही बोलल्या नाहीत. फडात त्यांच्या वाट्याला काय येते ते त्यांना ठाऊक आहे. त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तिच्या हातांना पाचटाने बारीक चिरा पडल्या होत्या आणि पान उलटताना ती बोटाच्या पेराऐवजी नखाची कड वापरीत होती.

एक गोष्ट मनाला फार लागली. या तळापासून जवळच एक जुनी मंडळी आहे. कोल्हापूर भागात मिशनचे काम १८५२ पासूनचे आहे. तरीही दरवर्षी पाच महिने आपल्या शेजारी ख्रिस्ती कुटुंबे पाचटाखाली राहतात, याची तिथे कोणाला कल्पना नव्हती, आणि आम्हीही ती कधी कळवली नव्हती. तिथल्या पाळकांची आज सकाळी भेट घेतली. टोळी निघण्यापूर्वी कोणती कुटुंबे कुठे चालली आहेत याची यादी दर दिवाळीला आम्ही त्यांना पाठवायची, असे ठरले.

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ही नोंद सावकाश लिहीत आहे.

मंगळवारी, ४ तारखेला, मी पुण्यात होतो. दुपारी आमच्या गवंडीभाऊंचा फोन आला. त्यांच्या गावातील एका शेतकरी बांधवाने कर्जापायी स्वतःचा जीव घेतला होता. शवविच्छेदन होऊन देह संध्याकाळी मिळणार होता आणि घरच्यांना त्याच दिवशी माती द्यायची होती. दोन ज्येष्ठ पंचांचे म्हणणे होते की, अशा मृत्यूला देवळात आणत नाहीत आणि विधीही म्हणत नाहीत. गवंडीभाऊ म्हणाले, "साहेब, हे आपल्या वहीत नाही. मी काय करू?"

खरोखरच ते वहीत नव्हते. दफनविधीवर आम्ही दोन बैठका घेतल्या होत्या, आणि माझ्या जिल्ह्यात, माझ्या काळात, हा मृत्यू शिकवायचा राहून गेला होता. मी त्यांना सांगितले की दाराशी उभे राहा, १३० वे स्तोत्र वाचा, दफनाचा नेहमीचाच विधी म्हणा, एक शब्दही गाळू नका, आणि प्रवचन करू नका. कोणी कारण विचारले तर पाळकांनी सांगितले आहे, असे म्हणा, म्हणजे जबाबदारी माझ्याकडे येईल.

पुढचे मी दुसऱ्या दिवशी पाचसहा जणांकडून ऐकले. देह यायला सात वाजले. कबरस्थानात दिवे नाहीत, म्हणून ट्रॅक्टर वाकडा लावून त्याच्या उजेडात माती दिली. गवंडीभाऊंनी विधी पूर्ण म्हटला. प्रवचन केले नाही, पण शेवटी मृताचे नाव घेऊन एवढे सांगितले की, आपल्या देवळाचा स्लॅब टाकला तेव्हा या भावाने दोन दिवस फुकट घमेली वाहिली होती आणि त्याच स्लॅबखाली आपण सगळे बसतो. एक पंच आले नाहीत. दुसरे आले, लांब उभे राहिले आणि मूठभर माती टाकून निघून गेले.

एक चूक मात्र झाली, आणि तिची नोंद करणे भाग आहे. त्या रात्री विधवा भगिनीचे रडणे पाहवले नाही म्हणून गवंडीभाऊंनी तिला शब्द दिला की मंडळी तुमचे हप्ते भरेल. मंडळीजवळ तेवढे पैसे नाहीत आणि तसे ठरवण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. गुरुवारी आम्ही दोघे मिळून तिच्या घरी गेलो आणि तो शब्द त्यांनीच परत घेतला. त्यांना ते फार जड गेले. परंतु मी एकट्याने जाऊन ते सांगितले असते, तर त्या घरात त्यांना पुन्हा पाऊल टाकता आले नसते.

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

आजची सबंध बैठक त्या घटनेवर झाली. जुनी बंदी कुठून आली ते आधी सांगितले. १६६२ च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या आरंभी अशी सूचना आहे की, बाप्तिस्मा न झालेल्या, बहिष्कृत किंवा आत्मघात केलेल्या व्यक्तीसाठी हा विधी वापरू नये. ती सूचना मिशनऱ्यांबरोबर इकडे आली आणि गावोगावी रीत होऊन बसली. ती शास्त्रातील आज्ञा नाही. पंचांवर राग धरू नये, कारण आपल्या वाडवडिलांकडून जे आले तेच ते सांगत होते, हेही मी बोललो.

त्यानंतर सगळ्यांनी मिळून नवा पाठ तयार केला, चार पानांचाच. घर ओढगस्तीत आहे हे आधी कसे ओळखावे, माणूस गप्प गप्प राहू लागला, जनावरे विकू लागला, लोकांत यायचे टाळू लागला, तर त्याच्याजवळ जाऊन सरळ कसे विचारावे, याविषयी आशा सेविका ताईंनी सांगितले, कारण हे प्रशिक्षण त्यांना आरोग्य खात्याकडून मिळालेले आहे. टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाने आपल्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून घेतला. शिक्षकांनी सांगितले की, प्रकरण पात्र ठरले तर शासनाकडून कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यासाठी सातबारा, कर्जाचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि दुःखातल्या घरातून ही कागदपत्रे गोळा करायला कोणीतरी सोबत लागते. ते काम त्यांनी या घरासाठी सुरूही केले आहे. दिलासा देताना आपल्या हातात नसलेली गोष्ट कबूल करू नये, हे गवंडीभाऊंनी स्वतः पाठात लिहायला लावले.

रविवार, ९ मार्च २०२५

ज्या प्रश्नाकडे आम्ही सगळे हळूहळू येत होतो तो आज कंडक्टरकाकांनी विचारला. "उपासना आम्ही घेतो, आजाऱ्याकडे आम्ही जातो, माती आम्ही देतो. मग प्रभुभोजनालाच गावाने दोन महिने का थांबायचे?"

उत्तर नियमात आहे आणि ते मी दिले. आपली उत्तर भारतीय मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-पंथांच्या ऐक्याने स्थापन झाली, आणि तिच्या व्यवस्थेनुसार प्रभुभोजनाचा विधी बिशप किंवा प्रेस्बिटर (दीक्षित पाळक) चालवतो. हा नियम मला मान्य आहे. पण या नियमाला धरून नऊ गावे उपाशी राहत असतील, तर नियम मोडण्याऐवजी गावातल्याच योग्य माणसाला दीक्षा देऊन, पगाराची अट न घालता, त्याच्या धंद्यावर राहू द्यावे, असे माझे मत झाले आहे. पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला त्याच धंद्यातले होते. चीनमध्ये काम केलेले इंग्रज धर्मगुरू रोलंड अॅलन (१८६८-१९४७) यांनी आयुष्यभर हेच मांडले की, पगारी धर्मगुरू परवडत नाही म्हणून मंडळीला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवणे याला आधार नाही. आपल्याकडे १९१२ पासून दोर्णकलचे बिशप असलेले अझरिया तेलुगू खेड्यांत काम करीत होते. बाप्तिस्मा घेतलेल्याने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा, असे म्हणावे, अशी त्यांनी रीत घातली होती. म्हणजे शेतमजुरालाही पहिल्या दिवसापासून सेवक मानले जात होते.

दोन सेवकांचा बिनपगारी दीक्षेसाठी विचार व्हावा, अशी लेखी विनंती डायोसिसकडे केली आहे. त्यांत एक भगिनी आहेत. ऑक्टोबरमध्ये पाठवलेल्या आधीच्या पत्राला अजून पोच आलेली नाही, म्हणून हे पत्र स्वतः जाऊन दिले आणि शिक्का मारून घेतला.

शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). यंदा गाळप लवकर आटोपल्यामुळे टोळ्या मार्चमध्येच परतल्या आणि सर्व जण गावी आहेत. वधस्तंभावरील सात उद्गारांवर बारा ते तीन या वेळात सात जणांनी बोलण्याची आपली प्रथा आहे. दरवर्षी बाहेरून वक्ते बोलवावे लागत. यंदा नऊ गावांच्या तीन गटांत तीन ठिकाणी उपासना झाल्या आणि एकवीसपैकी सतरा उद्गारांवर आपलीच माणसे बोलली. ऊसतोडीच्या भगिनींना "मला तहान लागली आहे" हा उद्गार आला होता. एप्रिलचे ऊन होते, पत्रा तापला होता. त्या जेमतेम सहा मिनिटे बोलल्या, आणि त्यांतली दोन मिनिटे फडात पाण्याचा हंडा कोणापासून सुरू होतो आणि कोणापर्यंत पोहोचत नाही यावर होती. पहिल्या बैठकीपूर्वी गवंड्याविषयी विचारणारे वृद्ध पंच पुढच्या बाकावर होते. ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

रविवार, ११ मे २०२५

वर्षाचा हिशोब मांडला. खर्चाच्या तीनच मोठ्या बाबी आहेत : येण्याजाण्याचे भाडे आणि पेट्रोल, झेरॉक्स आणि चहा-पाणी. सेवेचे मानधन कोणी घेतलेले नाही आणि ते नको, असे बहुतेकांचेच म्हणणे आहे, कारण गावात पैसे घेणारा आणि न घेणारा यांच्या शब्दाला वेगवेगळे वजन असते. प्रवासखर्च मात्र प्रत्येकाला, न मागता, त्याच दिवशी हातात मिळाला पाहिजे यावर मी अडून राहिलो. ज्याची मजुरी बुडते त्याने वर भाडेही भरावे, असे झाले तर दोन वर्षांत या वर्गात फक्त पगारदार माणसे उरतील. पंचांनी सुगीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावातील चौथा हिस्सा यासाठी राखून ठेवण्यास मान्यता दिली.

चौदांपैकी तेरा जण टिकले आहेत. सप्टेंबरात गेलेले भाऊ परत आले नाहीत, पण आपल्या गावात शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची शाळा) चालवतात, आणि पाठांच्या प्रती मी त्यांना पाठवत असतो.

रविवार, ८ जून २०२५

ईस्टरपासून पन्नासावा दिवस, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. तेरा जणांना आज सर्व मंडळ्यांसमोर उभे करून सेवेसाठी प्रार्थना केली. प्रत्येकाच्या गावातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने पुढे येऊन, आम्ही यांचे ऐकू आणि यांना सांभाळू, असे म्हटले. हे वाक्य विधीत घालण्याची सूचना अंगणवाडीच्या मावशींची होती. दीक्षेच्या लेखी विनंतीवर डायोसिसच्या समितीत चर्चा झाली असून, दोघांनाही मुलाखतीसाठी बोलावणे आले आहे. त्यांची तयारी शिक्षक आणि मी करून घेत आहोत.

दुसऱ्या तुकडीसाठी सात गावांतून नावे आली आहेत, दोन गावांतून यायची आहेत. पेरण्या आटोपल्यावर, म्हणजे ६ जुलैच्या रविवारी सुरुवात करावी असे वाटत होते, पण त्या दिवशी आषाढी एकादशी आहे. एस.टी.च्या गाड्या पंढरपूरकडे वळवल्या जातात आणि तीन गावांना त्या दिवशी दुसरे साधन नसते, म्हणून पहिली बैठक १३ जुलैला दुपारी अडीच वाजता ठेवली आहे. पहिला पाठ मोठ्याने वाचण्याचा, आणि तो या वेळी शेतकरी भाऊ घेतील.